नोंद आणि वहिवाट

गेल्या वैशाखात बोदवडच्या आमच्या जुन्या घराचे धाबे उतरवायला घेतले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून, नानांच्या जीर्ण नकाशांच्या आणि पावतीपुस्तकांच्या खालून, शाहीर साबळे यांच्या लोकगीतांची एक ध्वनिफीत निघाली. आणि तिची डबी उघडताच डांबरगोळ्या, उंदरांनी कुरतडलेला कागद आणि उन्हाने तापलेले प्लास्टिक यांचा जो संमिश्र दर्प आला, त्याने नानांच्या काठीपेक्षाही मला अधिक अस्वस्थ केले. फीत वाजण्याच्या अवस्थेत नव्हती, आणि तिच्यातले एकूण एक गाणे पाठ असल्यामुळे ती वाजवण्याची निकडही नव्हती.

नाना तलाठी होते. पीकपाहणी, फेरफार, तगाईची वसुली आणि पैसेवारीचे तंटे यांत ज्यांची हयात गेली, त्या माझ्या वडिलांना हसण्याचा सराव नव्हता. एका संध्याकाळी मात्र ते चावडीत जमाबंदीचे कागद पुरे करीत बसले असता, शेजारच्या लग्नघरी निंबाला टांगलेल्या कर्ण्यातून साबळ्यांच्या आवाजातले ‘विंचू चावला’ हे एकनाथांचे भारूड सुरू झाले. नानांनी टाक खाली ठेवला, मान तिरपी करून क्षणभर ऐकले, आणि मग ते असे काही हसू लागले, की डोळ्यांना आलेले पाणी त्यांना धोतराच्या सोग्याने टिपावे लागले. दाराशी मी उभा आहे हे ध्यानात येताच ते एकदम गंभीर झाले. “काय पाहतो रे? जाय, पानी आन,” एवढेच म्हणाले. तो विंचू कामक्रोधांचा आहे, हे मला पुष्कळ पुढे, मास्तरकी करताना उमगले. पण नानांना नेमका कोणता विंचू आठवला असेल, हा प्रश्न त्या ज्ञानाने सुटला नाही.

येथे इतिहासाला वाट देणे भाग आहे. कृष्णराव साबळे यांचा जन्म 1923 साली वाईजवळच्या पसरणीचा. परंतु त्यांच्या शाळेचा काळ गेला आमच्या खानदेशात, बोरीकाठच्या अमळनेरात, आणि साने गुरुजींचा संस्कार त्यांच्यावर झाला तोही तेथेच. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ यांसारखी मुक्तनाट्ये स्वतः रचून स्वतःच गाजवणारा हा माणूस साताऱ्याचा म्हणून मिरवला जातो, याविषयी माझी तक्रार नाही. तथापि ज्या वयात गळा घडतो त्या वयात तो आमच्या ज्वारीच्या भाकरीवर पोसला गेला, हे कोणी सांगत नाही, याचे वैषम्य मला वाटते.

दुसरे वैषम्य त्याहून जुने आहे. राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेले आणि साबळ्यांनी गायिलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत 19 फेब्रुवारी 2023 पासून राज्यगीत झाले. त्या गीतात गोदावरी आहे, कृष्णा-कोयना आहेत, विदर्भाची वरदा आहे, फार काय, नंदुरबारच्या सीमेला जेमतेम स्पर्श करून जाणारी रेवाही आहे. तापी मात्र नाही. चांगदेवाला पूर्णेला पोटात घेऊन रावेरपासून नंदुरबारपर्यंत सारा खानदेश ओलांडणारी ही नदी कवीच्या नजरेतून निसटली, आणि ते गीत घराघरांत पोहोचवले ते तापीच्याच एका उपनदीकाठी वाढलेल्या गळ्याने!

हे गाऱ्हाणे मी पुण्यास असणाऱ्या पुतण्यापुढे मांडले, तेव्हा त्याने बॉब डिलन या अमेरिकन कवी-गायकाचा दाखला दिला. विजेची गिटार हाती घेतल्याबद्दल लोकांचे शिव्याशाप झेललेला हा गायक 1969 साली नॅशव्हिलला जाऊन, तेथील ग्रामीण गाण्याचा बाज उचलून, अगदी निराळ्या मऊ आवाजात गायला. “काका, शेवटी गाणं कुठल्या गावचं असतं?” असे त्याने विचारले. प्रश्न चतुर होता. परंतु उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बोदवडात राहून नदीची मालकी इतक्या उदारपणे सोडून देता येत नाही.

नानांनी याचा निवाडा त्यांच्या रीतीने केला असता. वादाचे कागद घेऊन आलेल्या कुळाला ते नेहमी सांगत, की नोंद नसली म्हणून वहिवाट नाही असे होत नाही. दप्तर पाहावे, पण बांधावरही जाऊन यावे. त्या संध्याकाळच्या हसण्याचीही कोठे नोंद नाही. सातबाऱ्यावर पीक लिहिता येते, कर्ज लिहिता येते, बोजा चढवता येतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींचा हिशेब लिहिणारा एक मनुष्य परगावच्या शाहिराच्या हाळीसरशी स्वतःचा हिशेब क्षणभर विसरला, याला रकाना नाही. तरीही ते हसणे माझ्या कब्जात आहे, निर्वेध आहे, आणि त्यावर अन्य कोणाचा दावा नाही.

सेवानिवृत्त शिक्षक म्हणून 1 मेच्या झेंडावंदनाला मला शाळेत बोलावतात. राज्यगीत सुरू होते, नद्यांची नावे येतात, आणि त्या ओळीच्या अखेरीस मी पुटपुटतो, ‘तापी’. वृत्त मोडते, पुढच्या रांगेतली पोरे वळून पाहतात, नवे मुख्याध्यापक माझ्या वयाकडे पाहून दुर्लक्ष करतात. त्यांनी खुशाल करावे. वहिवाट सिद्ध करायची तर ती दर साल, खंड न पाडता आणि चार माणसांच्या देखत चालवावी लागते.