फावल्या वेळेचा हिशेब

“नोकरी करता, मग हे सगळं कधी करता?” हा प्रश्न आम्हाला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारातल्यांना वाटतं, चाळिशीला टेकलेल्या नवरा-बायकोने रविवारी चार-चार तास फासे टाकत बसणं म्हणजे निव्वळ पोरखेळ. दुसऱ्या प्रकारातले उलट सांगतात, एवढी चांगली चित्रं काढता तर नोकरी सोडा, पूर्ण वेळ हेच करा. दोघांनाही आम्ही आजवर हसून टाळत आलो. आज सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं आहे, कारण गेल्या वर्षी याच प्रश्नाने आमच्या घरात भांडण लावलं आणि त्या भांडणातून जे कळलं ते केवळ आमच्यापुरतं नाही.

आधी परिस्थिती सांगतो. आम्ही कल्याणला राहतो. आमच्यापैकी एक विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात आहे, एक खाजगी बँकेच्या बॅक ऑफिसात. दोन्ही कार्यालयं मुंबईत. सोबत आई आणि अण्णा. अण्णांनी कल्याणजवळच्या एका कारखान्यात तीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलं. आमच्या घराण्यात ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार आणणारे ते पहिले. घराचा हप्ता, आईची मधुमेहाची औषधं आणि पुतणीच्या नर्सिंगची फी, हे सगळं आज आमच्या दोन पगारांवर उभं आहे.

नोकरीपलीकडे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे चित्रांची कामं. लहान मुलांची पुस्तकं, मुखपृष्ठं, अलीकडे खेळांची पत्ती. दुसरी म्हणजे टेबलावरचे खेळ. रविवारी सहा जण जमतात आणि आम्ही कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन गोष्ट खेळतो. या प्रकाराची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने झाली. परदेशी पुस्तकं महाग. पण २०२३ च्या जानेवारीत त्या नियमांचा गाभा खुल्या परवान्याखाली आला आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. आम्ही ते नियम घेतो आणि ड्रॅगन बाजूला ठेवतो. आमची गोष्ट सातवाहन काळातल्या कल्याण बंदरातून निघते आणि नाणेघाट चढून जुन्नरला जाते. त्यावरूनच आम्ही स्वतःचा एक बैठा खेळही रचतो आहोत.

आता दुसऱ्या प्रकारच्या सल्लागारांना आधी उत्तर देतो. “नोकरी सोडा” हा सल्ला कोण देऊ शकतो? ज्याच्या मागे वडिलांचा फ्लॅट आहे, गावाकडे जमीन आहे, पडल्यावर उचलणारा मामा आहे, तो. पडला तर तो घरी परत जातो. आम्ही पडलो तर घरच पडतं. ज्यांच्या मागच्या दहा पिढ्यांना मालमत्ता साठवू दिली गेली नाही, त्यांच्यासाठी पगार हीच मालमत्ता असते. हा भित्रेपणा नव्हे, साधी बेरीज-वजाबाकी आहे. आणि जगातली मोठी कामं नोकरी सोडूनच झाली, हेही खरं नाही. ‘कतान’ या जगप्रसिद्ध खेळाचा निर्माता क्लाउस ट्यूबर दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. दिवसभर प्रयोगशाळा चालवायची आणि संध्याकाळी तळघरात बसून खेळ रचायचे, असा त्याचा क्रम. १९९५ साली ‘कतान’ आला आणि गाजला, तरी त्यानंतर काही वर्षं त्याने आपला धंदा सोडला नव्हता.

आता पहिल्या प्रकारच्यांना. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असं म्हणताना आपण कुणाच्या वेळेबद्दल बोलतो आहोत? क्लबात ब्रिज खेळणाऱ्याला कुणी हा प्रश्न विचारत नाही. कष्टकऱ्याच्या पोराने मात्र रिकामा तास दिसला की त्याचा पैसा केला पाहिजे किंवा परीक्षेचा अभ्यास केला पाहिजे, ही अपेक्षा असते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांचे आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक मांडलं तेव्हा मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे सहा तास कशासाठी सोडवून घेतले? आणखी एक पाळी करता यावी म्हणून नक्कीच नाही. माणसाला वाचायला, विचार करायला, माणूस म्हणून जगायला फुरसत लागते आणि ती काही मोजक्यांची मक्तेदारी असू नये, ही त्यामागची भूमिका होती. अण्णा सांगतात, पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकाजवळ कोळशाने जमिनीवर चौकोन आखून नवकंकरी खेळायचे. खडे एका बाजूला, विटांचे तुकडे दुसऱ्या बाजूला. त्या अर्ध्या तासात मुकादम त्यांचा मालक नसायचा.

इथवर आमचा युक्तिवाद आम्हाला बिनतोड वाटत होता. मग आम्ही तासांचा हिशेब मांडला.

आठवड्याचे तास १६८. कार्यालय ४५. लोकलचा आणि स्टेशनपर्यंतचा प्रवास १५. म्हणजे कामापायीच ६० तास गेले. प्रवास धरला तर १९४६ पूर्वीच्या ५४ तासांच्याही आपण पुढे आहोत. झोप ४९. घरकाम, स्वयंपाक, बाजार, आईची तपासणी, सरासरी रोजचे चार म्हणजे २८. उरले ३१. दोघांनी मिळून असा एक तक्ता केला आणि भिंतीवर लावला. एकतीस तास म्हणजे काही कमी नाहीत. मग दमायला का होतं? चित्रं रात्री अकरानंतरच का सुरू होतात?

उत्तर त्या तक्त्याच्या मथळ्यात होतं. वर लिहिलं होतं ‘आमचे तास’. हा ‘आम्ही’ शब्दच फसवा निघाला. एका रविवारी खेळ रंगात आला होता, सहा जण चहाची वाट पाहत होते, आणि आमच्यातली जी चित्रं काढते तिने चहाऐवजी एक कागद आणून टेबलावर ठेवला. तिने महिनाभर दोघांचे तास वेगवेगळे लिहिले होते. घरकाम तिचं आठवड्याला ४२ तास, त्याचं १४. म्हणजे तिच्याकडे उरत होते १७ आणि त्याच्याकडे ४५. सरासरी बरोबर ३१. बेरीज चोख होती, वाटणी चुकली होती. आणि त्या सतरा तासांत ती घरात पैसे आणणारी चित्रं काढत होती, रविवारी आमच्याच खेळाला पोहे आणि चहा पुरवत होती, आणि तिचं मनगट दोन महिने दुखत होतं. टेबलावर कुणी काही बोललं नाही. आमच्यातला एक खेळाडू उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्याने चहा टाकला. तो खेळ तिथेच थांबला.

त्या रात्री भांडण झालं. “मला सांगायचं होतंस,” असं एकाने म्हटलं. “दिसत नव्हतं का?” असं दुसरीने विचारलं. या प्रश्नाला उत्तर नव्हतं. फुरसत ही मूठभरांची मक्तेदारी असू नये, असं चारचौघांत सांगणाऱ्या घरात एकाची फुरसत दुसरीच्या कष्टांतून निघत होती. बाहेरच्या व्यवस्थेवर बोट ठेवणं सोपं आहे. ती व्यवस्था आपल्या ओट्यापाशी उभी असते तेव्हा ती आपल्याला ‘सवय’ वाटते.

या दमणुकीची आणखी एक किंमत आम्ही मोजली. त्याच काळात परराज्यातल्या एका कंपनीसाठी खेळाच्या ५४ पत्त्यांची चित्रं काढायची होती. एका पत्त्याला १,२०० रुपये, एकूण ६४,८००. गुरुवारी रात्री साडेबारा वाजता करार मेलवर आला, सकाळी परत हवा होता. आम्ही न वाचता सही केली. दमलेल्या माणसाकडून सही घेणं सोपं असतं. करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असं लिहिलेलं होतं. पैसे यायला पाच महिने लागले. नंतर तीच चित्रं कपांवर आणि टी-शर्टांवर दिसली. खेळाच्या खोक्यावर चित्रकाराचं नाव कुठेही नव्हतं.

यात नवीन काहीच नाही. लहानपणी आपण सगळे ‘व्यापार’ खेळलो. तो ज्या ‘मोनोपॉली’वरून आला, तिचं मूळ लिझी मॅगी नावाच्या बाईच्या खेळात आहे. ती लघुलेखनाचं काम करायची. जमीनमालक भाड्यावर कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना कळावं म्हणून तिने ‘लँडलॉर्ड्स गेम’ रचला आणि १९०४ साली त्याचं पेटंट मिळवलं. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तिचे हक्क ५०० डॉलरला घेतले, विक्रीतला हिस्सा शून्य. श्रेय आणि पैसा चार्ल्स डॅरो या माणसाला मिळाला. मक्तेदारीविरुद्ध रचलेला खेळ मक्तेदारीचा गौरव करणारा म्हणून जगभर विकला गेला आणि जिने रचला तिचं नाव कितीतरी दशकं पुसलं गेलं.

म्हणून नोकरी सांभाळून अशी कामं करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी चार गोष्टी स्पष्ट लिहितो. आम्ही त्या ठेच लागल्यावर शिकलो. एक, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘कायमचे’ हा एक शब्द आपण सहीने मान्य करतो म्हणून कायमचं होतं. तो शब्द खोडायला सांगा. दोन, कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतो. नावाचा आग्रह धरा, ती मेहेरबानी नाही. तीन, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरतो. म्हणून कार्यालयाच्या संगणकावर, कार्यालयाच्या वेळेत एक रेघही ओढू नका, आणि बाहेरचं काम करायला परवानगी लागते का हे आपल्या नेमणूकपत्रात आधी वाचा. चार, उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याज लागतं. हे कलम बिलाच्या तळाशी छापलं की पैसे लवकर येतात, असा आमचा अनुभव आहे.

घरातही काही नियम केले. खेळ आता एक रविवार आड, दर वेळी वेगळ्या घरी, आणि ज्याच्या घरी खेळ तो खेळाडूच चहा करतो. चित्रं शनिवारी सकाळी, उजेडात; त्या वेळी स्वयंपाकघर दुसऱ्याकडे. एका वेळी एकच काम घ्यायचं. रात्री दहानंतर कुठल्याही कागदावर सही नाही. आणि एक खेळ असा ठेवायचा ज्याचा पैसा करायचा नाही. सगळं सुरळीत झालं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. मागच्या आठवड्याचा हिशेब तिच्याकडे २४, त्याच्याकडे ३८. अजून चौदा तासांचा फरक आहे. तक्ता भिंतीवरच आहे, पण आता त्याला दोन रकाने आहेत.

शेवटी आमच्या खेळाबद्दल. कल्याणच्या दात्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत आहेत. त्यात व्यापारी आहेत आणि सोनार, लोहारही आहेत. त्यावरून आम्ही पत्ती केली होती: व्यापारी, लोहार, सोनार, भिक्खू, नाणेघाटाचा जकातदार. आजवर खेळून पाहिलेल्यांनी सगळ्यांनी नियमांवर शेरे दिले. दिवाळीच्या सुट्टीत अण्णा पहिल्यांदा खेळायला बसले. त्यांनी सगळी पत्ती उलटून पाहिली आणि विचारलं, “माल घाट चढला कसा? ओझं वाहणारा कुठाय?”

तो नव्हता. शिलालेखात नाव सापडणाऱ्यांची पत्ती आम्ही केली होती; ज्यांचं नाव दगडावर येण्याचा प्रश्नच नव्हता, ते आमच्याही खेळातून सुटले होते. आता ते पत्तं तयार होतं आहे. त्याच्याशिवाय कुणाचाही माल घाट चढत नाही, आणि प्रत्येक फेरीत त्याला विसावा द्यावाच लागतो, असा नियम केला आहे. चित्रासाठी अण्णा दोन शनिवार सकाळी खिडकीपाशी बसले. पहिल्या शनिवारी त्यांनी विचारलं, “याचे पैसे मिळणार का?” आम्ही म्हटलं, नाही अण्णा, हा आपला खेळ. “मग घाई करू नका,” ते म्हणाले.