तेलिणीचा तराजू

धारेच्या लाट मशिदीपाशी लोखंडी स्तंभाचे जे तीन प्रचंड तुकडे आहेत, त्यांविषयी इतिहासकारांचे म्हणणे काय आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. आजोबांनी मात्र त्यांचा निकाल माझ्या वयाच्या सातव्या वर्षीच लावून टाकला होता. आजोबा संस्थानी अमलात दप्तरात कारकून होते आणि कागदावर रुजू झाल्याखेरीज कोणतीही गोष्ट खरी न मानण्याचा त्यांचा शिरस्ता होता. परंतु या लाटेचा, म्हणजे स्तंभाचा, विषय निघाला की हा शिरस्ता ते खुंटीला टांगून ठेवीत आणि ती लाट म्हणजे गंगू तेलिणीच्या तराजूची दांडी, असे बेलाशक सांगत. मराठीत जिथे आपण इंद्राचा ऐरावत आणि शामभटाची तट्टाणी काढतो, तिथे हिंदी मुलूख ‘कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली’ असे म्हणतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण भोजाच्या प्रत्यक्ष राजधानीत लोकांनी त्या म्हणीचा सूड कसा उगवला, हे धारेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. राजाने मागे ग्रंथ ठेवले, तेलिणीने तराजू ठेवला. आणि ग्रंथ वाचायला पंडित लागतो, तर तराजूची दांडी कोणालाही दिसते. तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून तेरा मीटरांहून थोडी अधिक आणि वजन सात टनांच्या घरात. एवढ्या तराजूत ती बाई कोणाला तेल मोजून देत होती, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

मी मात्र भलतेच विचारले. “आजोबा, ही दांडी टांगली कशाला होती?”

आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला, आणि कचेरीतल्या गंभीर स्वरात म्हणाले, “त्या मजकुराचा कागद दप्तरात सापडत नाही.”

मी पोट धरून हसलो, आणि हसू ओसरल्यावर रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या तेलिणीचा तराजू मनातल्या मनात आभाळात टांगू लागलो. दांडी मधोमध टांगली तर काय, थोडी एका बाजूला सरकवली तर काय, जाड टोक आणि बारीक टोक यांचा समतोल कोठे साधेल. हे सारे प्रश्न मला तरफ हा शब्द माहीत होण्यापूर्वी पडले. पुढे देवासला विज्ञानशिक्षक म्हणून तीस-पस्तीस वर्षे काढली, तेव्हा वर्गात विनोद कशासाठी करावा याविषयी माझे जे काही मत बनले, त्याचे मूळ त्या रात्रीत आहे. माझे मत एवढेच की, ज्या विनोदाची खीळ प्रत्यक्ष सिद्धांतातच ठोकलेली असते तोच शिकवतो. बाकीचे विनोद ताटातल्या लोणच्यासारखे, जेवणाला रुची आणणारे खरे, पण त्यांच्यावर पोट भरत नाही.

उदाहरण देतो. माळव्यात काही घरांत मराठी, बाकीच्यांत हिंदी आणि सर्वांच्या जिभेवर थोडी माळवी, अशी स्थिती असल्यामुळे आमच्या वर्गात शब्दांना दोन-दोन घरे असत. मराठी मुलगा शाळेला दांडी मारतो. हिंदीत बनिया डंडी मारतो, म्हणजे तोलताना तराजूची दांडी लबाडीने झुकवतो. तरफेच्या पाठाच्या दिवशी एक विद्यार्थी गैरहजर होता, आणि दुसऱ्या दिवशी तो आल्यावर हजेरी घेताना मी म्हणालो, “काल तू दांडी मारलीस, तेव्हा आज कोणी तुझ्यावर दांडी मारली तरी तुला कळायचे नाही.” वर्ग हसला, तो हसला नाही, कारण त्याला खरोखरच कळले नव्हते. मग त्याच्याच शेजाऱ्याने उठून फळ्यावर आकृती काढून समजावले: टांगण्याची जागा मधोमध न ठेवता एका भुजेला २४ सेंटिमीटर आणि दुसरीला २६ ठेवायची, आखूड भुजेवर एक किलोचे वजन आणि लांब भुजेवर माल; दांडी अगदी सरळ राहील, आणि गिऱ्हाईक ९२३ ग्रॅम माल घेऊन समाधानाने घरी जाईल. “आणि लबाडी पकडायची कशी?” मी विचारले. पारडी बदलायची. आता तोच दुकानदार १०८३ ग्रॅम द्यायला लागेल आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल. यानंतर तो दांडीबहाद्दर विद्यार्थी हसला, आणि तो त्या दिवशीचा सर्वांत उशिराचा, पण सर्वांत अस्सल हशा होता. विनोद समजण्यासाठी आघूर्णाचा नियम समजावाच लागतो, ही त्या कोटीची योग्यता; कोटी म्हणून ती सामान्यच होती.

ही रीत मी स्वतः शोधून काढली असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू केला, त्याचे लोण १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेच्या द्वारे पुढे आमच्या माळव्यापर्यंत येऊन पोहोचले. त्यात फुलाचे विच्छेदन करायला बाभळीचा काटा चाले आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी ही प्रतिष्ठित उपकरणांत मोडे. पण मला त्यातले सर्वांत आवडले ते एक न जन्मलेले गृहस्थ: सवालीराम. मुलांनी मनात येईल तो प्रश्न या सवालीरामला पत्राने कळवायचा आणि त्याच्या नावाने उत्तर यायचे. सरकारी शाळेतल्या ज्या मुलाला मास्तरांपुढे तोंड उघडण्याची छाती नव्हती, तो एका कल्पित माणसाला काय वाटेल ते विचारत असे. नावातच थोडी थट्टा होती आणि त्या थट्टेमुळे अधिकाराचा दरारा आपोआप गळून पडत होता. सरकारने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी अधिक शाई खर्च करीत नाही.

आता माझ्या अपराधाचा दाखला. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वातावरणाचा दाब शिकवताना मी मोठ्या ऐटीत सांगितले की, आपल्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवा सुमारे एक किलो वजनाइतका भार टाकीत असते. मागच्या बाकावरचा एक अत्यंत किडकिडीत मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, मग आपण चिरडत का नाही?” त्या सबंध वर्षात कोणी विचारलेला तो सर्वोत्तम प्रश्न होता. आणि मी काय केले? मी त्याच्याकडे वरून खाली पाहिले आणि म्हणालो, “तू तर चिरडलेला दिसतोसच.” वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. मलाही क्षणभर आपल्या हजरजबाबीपणाचे कौतुक वाटले. आपल्या शरीरातील द्रवांचा आणि वायूंचा दाब आतून तेवढ्याच जोराने रेटत असतो, हे उत्तर मी त्यानंतर दिले. पण ते त्या मुलाच्या कानापर्यंत गेले असावे असे मला वाटत नाही. तो खाली बसला होता, आणि वर्ष संपेपर्यंत पुन्हा उभा राहिला नाही. विनोद सिद्धांतावर करायचा सोडून मी तो माणसावर केला होता.

मीम नावाचा प्रकार माझ्या आयुष्यात २०२० च्या टाळेबंदीत शिरला. शाळा मोबाइलमध्ये गेली, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि माझ्या सुवाच्य टिपणांच्या खाली मुले चित्रे टाकू लागली. प्रथम मी ती ‘अनाठायी’ असा शेरा मारून पुसून टाकायला सांगत असे. मग एके दिवशी पेशीविभाजनाच्या पाठानंतर एका मुलीने एक चित्र टाकले. दोन हुबेहूब स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवीत उभे आहेत, ते चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. तिने एकाच्या छातीवर ‘थोरली पाती’ आणि दुसऱ्याच्या छातीवर ‘धाकटी पाती’ असे लिहिले होते आणि वर मथळा होता: ‘देवास, १७२८: समसूत्री विभाजन’.

देवासबाहेरच्या वाचकासाठी खुलासा करणे प्राप्त आहे. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंची आमच्या गावी दोन गाद्यांची दोन संस्थाने झाली: गाव एक, राजे दोन, दरबार दोन, अंमलदार दोन, आणि इंग्रजी अमदानीत तोफांची सलामीसुद्धा दोघांना सारखीच, पंधरा-पंधरा. एखाद्या गावाने लिंबू नजर केले तरी ते चिरून अर्धे-अर्धे वाटून घ्यावे लागे, अशी आख्यायिका आहे. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून राहिलेल्या ई. एम. फॉर्स्टर यांना या कारभाराची गंमत जन्मभर पुरली. अशा गावच्या मुलीला पेशीच्या पोटातले विभाजन पाहून आपले गाव आठवावे, यात नवल नव्हते.

मी ते चित्र पुसायला सांगितले नाही, खाली एवढेच लिहिले, “लिंबू आठवा.” दहा मिनिटे शांतता होती. मग एकाने लिहिले की, समसूत्री विभाजनात गुणसूत्रे आधी दुप्पट होतात आणि मग दोन्ही पेशींना पूर्ण संच मिळतो. देवासात तर देवीची टेकडी दुप्पट झाली नव्हती, लिंबूही नाही, सगळे अर्धेच झाले, तेव्हा हे समसूत्री नव्हे. दुसरा म्हणाला, मग अर्धसूत्री. तिसरीने त्याला आडवे घेतले: अर्धसूत्री विभाजनातही दुप्पट होतेच, फक्त त्यानंतर दोनदा विभाजन होऊन शेवटी चार पेशी उरतात, तेव्हा उरलेले दोन महाराज कुठे आहेत ते सांग. यावर क्षणाचाही विलंब न लावता कोणीतरी उत्तरला, “एक धारला!” धारेचे राजेही पवारच, हे त्याला घरी माहीत झालेले असणार. चौथ्या महाराजांचा तपास अद्याप लागलेला नाही. पण त्या संध्याकाळी गुणसूत्रांचे दुपटीकरण माझ्या वर्गाला जितके स्पष्ट झाले, तितके माझ्या रंगीत खडूंनी कधी झाले नव्हते. आणि ते झाले चित्र चूक होते म्हणून. बरोबर असते तर सर्वांनी एक हसरा चेहरा टाकून विषय मिटवला असता.

बरोबर चित्राने विषय कसा मिटतो, याचा नमुना जगभर फिरतो आहे. मायटोकॉन्ड्रिया हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे, या एका वाक्याची जेवढी चित्रे निघाली तेवढी दुसऱ्या कोणत्याही जीवशास्त्रीय विधानाची निघाली नसतील. माझे विद्यार्थी ते झोपेतही म्हणून दाखवतात. परंतु त्या केंद्रात जळण कोणते, राख कोणती आणि वीज कोठे जाते, असे विचारले की अंधार. मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली जीन या शब्दाच्या जोडीला घडवला तो मनातून मनात नकलेने पसरणाऱ्या कल्पनांसाठी. नकलण्यासाठी कल्पना समजलेली असणे आवश्यक आहे, अशी अट त्यात नाही. आमच्या पाठांतराच्या परंपरेला हे निराळे सांगायला नको.

म्हणून वर्गात मीम आणायचे ते मुलांनी बनवलेले, आणि त्यावर वर्गाने उलटतपासणी घ्यायची, असा रिवाज मी पाडला. देवीच्या टेकडीवर एका मुलाने असेच एक रचले. डाव्या बाजूला पायऱ्या चढून धापा टाकणारी आजी, उजवीकडे रोपवेत बसून चिप्स खाणारा नातू, खाली ‘दोघांचे कार्य समान’. टेकडी सुमारे ३०० फूट, म्हणजे ९० मीटर धरली आणि प्रत्येकाचे वजन ५० किलो धरले, तर गुरुत्वाविरुद्ध ४४ हजार ज्यूल हे खरे. पण ते नातवाने केले कुठे? केले रोपवेच्या मोटारीने. आजीने मात्र स्वतः केले, आणि स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात हे धरूनही तिच्या अन्नातल्या चाळीसेक कॅलरीच खर्ची पडल्या. पोह्यांच्या आणि जिलबीच्या एका प्लेटीचा हिशोब चुकता करायला टेकडी सात-आठ वेळा चढावी लागेल, हे कळल्यावर वर्गात जो विषाद पसरला तो पाहून मला समाधान वाटले.

गेल्या वर्षी त्यांनी मला चित्रात घातले. दोन्ही हातांत दोन जड पिशव्या घेऊन मी बसस्थानकावर धारेच्या गाडीची वाट पाहत उभा आहे आणि खाली मथळा: ‘सरांनी तासभर केलेले कार्य: शून्य’. विस्थापन नाही म्हणून कार्य नाही. सिद्धांतात कोठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मी खुशीत शाबासकी देणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, कार्य शून्य आहे तर मग हात का दुखतो?”

माझ्या जिभेवर एक कोटी आली होती. ती मी गिळली. स्नायूंचे तंतू स्थिर दिसतानाही एकामागून एक आकसत आणि सैलावत असतात, त्यासाठी ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते, हे सांगता आले असते, पण मी म्हणालो, “पाहू या.” चाळीसही मुलांनी आपापली दप्तरे उचलली आणि हात समोर ताठ धरून उभी राहिली. दोन मिनिटांत चेहरे लाल झाले, कोणी दात-ओठ खाऊ लागले, कोणी घड्याळाकडे पाहत आपले कार्य अजूनही शून्यच आहे असे पुटपुटत होते. नेमके त्याच वेळी वरिष्ठ कचेरीतून तपासणीसाठी आलेले एक गृहस्थ दारात उभे राहिले. त्यांनी त्या ताठ हातांच्या रांगांवरून नजर फिरवली आणि मला बाजूला बोलावून हलक्या आवाजात विचारले, “सगळ्या वर्गाला एकदम शिक्षा? केले तरी काय यांनी?”

पहिल्या बाकावरच्या मुलीने दप्तर खाली न ठेवता उत्तर दिले, “काहीच नाही, सर. शून्य.”