पोटाची हद्द

६ जुलै, शिळफाटा
रात्रभर कोसळला. गटारं तुंबली आणि भिंतीच्या कडेने चिचुंद्री घरात शिरली. आई झाडू घेऊन उठली. म्हटलं, असू दे गं, झुरळंच खाईल. पन्नासेक ग्रॅमच्या त्या जिवाला उपास परवडत नाही. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवलं, की वजन वाढतं त्या मानाने देहाचा खर्च वाढत नाही. त्या हिशोबाने चिचुंद्रीच्या ३०० पट वजनाच्या वानराला ऊर्जा लागते फक्त ७० पटींच्या आसपास. ग्रॅमला ग्रॅम लावला तर चिचुंद्रीचा खर्च चौपट! म्हणून ती खाणं खंडत नाही तिथे राहते: आपल्या मोऱ्यांत, गोदामांत. माणसाच्या जहाजांतून तर ती पूर्व आफ्रिकेपर्यंत आणि पार गुआम बेटापर्यंत पोचली.

२० जुलै
खोपोलीहून घाट चढताना वानरं दिसली, पाला चघळत बसलेली. पाल्यात ताकद कमी, पण तो हाताशी असतो. कप्प्याकप्प्यांच्या पोटात तो आंबवायचा आणि निवांत बसायचं. फळं, बिया, किडे शोधणाऱ्याला जास्त रान तुडवावं लागतं. ब्रायन मॅकनॅब यांनी १९६३ मध्ये हेच मांडलं: जनावराचा वावर किती मोठा, हे त्याचा खर्च ठरवतो. माकडांना गाडीतून वेफर्स फेकणारे ही हद्दच बदलतात. रानभर फिरणारा कळप कठड्याला येऊन चिकटतो आणि चाकाखाली जातो. मला याचा फार संताप येतो.

११ ऑगस्ट
कॅनडातल्या एका छोट्या तपकिरी वटवाघळाविषयी वाचलं. हिवाळ्यात किडे नसतात, तेव्हा ते गुहेत अंग थंड करून साठवलेल्या चरबीवर झोपून राहतं. हिवाळा चरबीहून लांबला की मरण. हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या हिशोबावरूनच त्याची उत्तरेकडची सीमा काढली. ऊब वाढेल तशी ती आणखी उत्तरेला सरकेल, असंही त्यांचं गणित सांगतं.

७ डिसेंबर, भीमाशंकर
कर्जतकडून खांडसच्या वाटेने वर. दुपारी फांदीवर अंग सैल सोडून पसरलेलं शेकरू दिसलं. फळं, बिया, पाला, साल, जे ज्या ऋतूत मिळेल ते खायचं, आणि उन्हात ताकद राखायची. रेने बोर्जेस यांनी इथल्या शेकरांच्या खाण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. सोबतच्या ठाकर बाबांना विचारलं, हे खाली आमच्याकडे का येत नाही? म्हणाले, "भुईवर उतरून कसं यील? वाटंत कुत्री हायती. झाडाला झाड लागाया पायजे."
फांदीवरून फांदीवर गेलं तर एक उडी. फांद्या तुटल्या की उतरा, धावा, पुन्हा चढा, तेही जिवावर उदार होऊन. १९८५ साली अभयारण्य झालं, शेकरू राज्यप्राणी ठरलं, तरी त्याचं खरं राज्य फांद्या जुळतात तेवढंच. रस्ता रुंद करताना दोन्हीकडची जुनी झाडं राखा. नवी लावायचीच तर जांभूळ, आंबा, हिरडा लावा, आणि रस्त्यावर त्यांच्या फांद्या भिडू द्या.