सेमाडोहची पायवाट

मुलांनो, मेळघाट पाहिलाय का तुम्ही? नसेल तर चला, आज सेमाडोहला जाऊ या. अमरावतीहून एस.टी.ने परतवाड्याला यायचं आणि तिथून धारणीची गाडी पकडायची. खिडकीची जागा मात्र सोडू नका हं! परतवाडा मागे पडलं की घाट सुरू होतो. वळणावर वळणं, दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि मग येते सिपना नदी. तिच्याच काठावर आहे सेमाडोह. तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. इथले रहिवासी मुख्यतः कोरकू. त्यांची भाषा मराठीची बहीण नव्हे बरं का! ती दूरच्या झारखंडातल्या मुंडारी आणि संताली भाषांच्या कुळातली आहे.

जंगलात आपल्याला मन मानेल तसं भटकता येत नाही. वनखात्याची परवानगी हवी, वाटाड्या हवा. पण गावाभोवती पायवाटा आहेत. कुणी शाळेत जातं, कुणी बाजाराला, कुणी मोहफुलं वेचायला. यातल्या काही वाटा सरळ कुणाच्या तरी वावरातून जातात. वावर म्हणजे शेत, हा आपला वऱ्हाडी शब्द.

आता सांगा, वावर एकाचं, वाट सगळ्यांची. मग त्या वाटेवर चालणाऱ्याची काळजी कुणी घ्यायची?

आधी शेतकऱ्याची बाजू ऐकू. एखाद्या काकांना विचारा, "काका, रात्री जागलीला जाता का?" ते म्हणतील, "मंग काय करता बाप्पा! एका राती डुक्करं सारं वावर उकरून टाकतेत." खरंच आहे ते. वर्षभराची मेहनत एका रात्रीत मातीत जाते. म्हणून कुणी मचाणावर बसून डबे वाजवतो, कुणी काट्याकुट्यांचं कुंपण घालतो.

पण विदर्भात काही ठिकाणी एक भयंकर उपाय केला जातो. शेताभोवती उघडी तार ओढायची आणि खांबावरची वीज सरळ तिच्यात सोडायची. तार काय, तिला डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळतो थोडाच! अंधारात पाय पडला की संपलंच. शेजारचा शेतकरी, गुराखी, कधी तार लावणारा स्वतःच यात मेला आहे. वाघही सुटले नाहीत. ब्रह्मपुरी भागात पकडून बोर अभयारण्यात सोडलेली एक वाघीण कितीतरी किलोमीटर चालली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच एका तारेला लागून मेली.

असं का होतं? घरातली वीज २३० व्होल्टची आणि सतत वाहणारी. ती अंगातून गेली की स्नायू आखडतात, हात सुटत नाही. सौर कुंपणाचं तसं नसतं. त्यातलं यंत्र साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही छोट्या भागापुरता झटका देतं. जनावर दचकून पळतं, पण जिवंत राहतं. मात्र यंत्र नीट बनवलेलं हवं आणि तारेवर धोक्याची पाटी हवी. जंगलालगतच्या गावांना अशा कुंपणासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. पीक गेलं तर वनखात्याकडे भरपाईही मागता येते. म्हणजे जीवघेण्या तारेवाचून मार्ग आहे!

आणि कायदा? आकडा टाकून वीज घेणं ही २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे चोरी. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वाटेचाही कायदा आहे. तलाठ्याकडचा गावनकाशा कधी पाहा. तुटक दुहेरी रेष दिसली तर ती गाडीवाट, तुटक एकेरी रेष असेल तर पायवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. अशी जुनी वाट कुणी अडवली, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागायची. १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याने ते अडथळा काढायला लावू शकतात. शंभर वर्षांहून जुना कायदा, पण अजून कामाचा!

तिकडे इंग्लंडात तर वावरातून जाणारी पायवाट नांगरली गेली, तर शेतकऱ्याने ती ठरलेल्या मुदतीत पुन्हा चालण्यासारखी करून द्यावी लागते. वाट असलेल्या शेतात ठरावीक जातींचे मोठे बैलही मोकळे सोडता येत नाहीत.

आता आपली पाळी. वाट दुसऱ्याच्या वावरातली असते, हे विसरू नका. वाट सोडून पिकात शिरू नका. हरभऱ्याचे घाटे कितीही खुणावोत, विचारल्याशिवाय तोडू नका! उघडलेलं फाटक लावून घ्या. बिनकठड्याच्या विहिरीजवळ खेळू नका. संध्याकाळनंतर बॅटरी घेऊनच निघा. तार दिसली तर हात लावून पाहू नका. ओली काठीसुद्धा नको! कुणी तारेला चिकटलाच, तर त्याला ओढायला धावू नका. मोठ्यांना हाका मारा आणि आधी वीज बंद करायला सांगा. अशी तार गावात असेल, तर घरी सांगा, गुरुजींना सांगा. ही चहाडी नव्हे, यात एखाद्याचा जीव वाचतो.

सेमाडोहला संध्याकाळ झाली की सिपनेवरून गार वारा येतो. रानातून मोळी घेऊन आयाबाया परततात, मागे गुरांच्या घंटा वाजतात. पायवाटेने एकामागून एक माणसं घरी येतात. ती सगळी रोज अशीच सुखरूप घरी यावीत, ही काळजी वावराच्या धन्याने घ्यायची आणि वाटेवर चालणाऱ्या आपणही घ्यायची. पटतंय ना?