होल्डवरचा सरडा

६ जून २०२४, गुरुवार

इकडे चाकणला कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, हे नव्या पोरांना महिनाभर पचत नाही. रूमवरचा ट्रेनी सिरोंचाचा. दुपारी लाइट गेली तेव्हा गावचे सांगत बसला. तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेली झाडे निघाली. "आमचं कोटा गाव हाय नं भाऊ, त्याच्या नावाचा दगड पुस्तकात हाय." बढाई वाटली, पण खरी निघाली. प्राणहितेकाठच्या त्या खेड्यावरून तिथल्या ज्युरासिक थरांना 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून त्यांत मासे सापडत आले. बारापासॉरस हा अवाढव्य डायनोसॉरही त्यातलाच.

मला मात्र अडकवले ते एका सरड्याने.

८ जून, शनिवार

भारतागामा रेब्बानेन्सिस. नाव २००२ सालचे. देणारे लंडनच्या सुसान इव्हान्स, जम्मू विद्यापीठाचे जी. व्ही. आर. प्रसाद आणि बी. के. मन्हास. रेब्बना हे गाव प्राणहितेपलीकडे, तेव्हा आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, आता तेलंगणात. तिथल्या कोटा थरांतून जबड्याचे काही मिलिमीटरचे तुकडे मिळाले. अख्खा सांगाडा नाही, कवटी नाही. असले बारीक जीवाश्म मिळवायचे तर माती भिजवायची, चाळणीतून धुवायची आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाणा दाणा निवडायचा. डोळे जाळणारे काम. आमच्या व्हिज्युअल इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या बायकांना ते सहज जमेल.

१३ जून, गुरुवार

सगळा खटला दातांचा आहे. पालीचे दात जबड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. पडतात, नवे येतात. कंपनीच्या कुंपणावर मान हलवत बसणारा आपला सरडा वेगळा. त्याचे मागचे दात थेट हाडाच्या वरच्या धारेवर जोडलेले. ते पडत नाहीत, झिजतच जातात. पुढचे काही मात्र आतल्या बाजूला. भारतागामाच्या जबड्यात हीच मांडणी दिसली, म्हणून तो आपल्या सरड्यांच्या आणि शॅमेलिऑनच्या गोतावळ्यात बसवला गेला. वय साधारण १७-१८ कोटी वर्षे. तेव्हा भारत आफ्रिका-अंटार्क्टिकाला जोडलेल्या गोंडवनात होता. या गोतावळ्याचे निर्विवाद जीवाश्म पुष्कळ नंतरचे, क्रिटेशिअस काळातले आहेत. म्हणजे भारतागामा खरा ठरला, तर सरड्यांच्या शाखा फुटण्याचा काळ बराच मागे ढकलावा लागतो.

पण न्यूझीलंडमध्ये टुआटारा आहे. दिसायला सरडा, कूळ निराळे, आणि दात त्याचेही धारेवरच. त्यामुळे भारतागामा त्या कुळातला तर नाही ना, अशी शंका काही अभ्यासकांनी काढली आहे. नुसत्या जबड्यावर निकाल देणे कठीण.

१४ जून, शुक्रवार

सेकंड शिफ्ट. दोन हीट नंबरचे, म्हणजे पोलादाच्या दोन वेगळ्या घाण्यांचे, बार एका ट्रॉलीत आले. दिसायला सारखे, मापात सारखे. लॉट मिक्स. सगळी ट्रॉली लाल टॅग लावून बाजूला.

घरी येऊन टिकिगुआनिया वाचला आणि हसू आले. मध्य प्रदेशातल्या टिकी फॉर्मेशनमधून मिळालेला छोटा जबडा, २००६ साली जाहीर झालेला. वय ट्रायासिक, म्हणजे २० कोटींच्याही पलीकडचे. जगातला सर्वांत जुना सरडा म्हणून गाजला. २०१२ मध्ये हचिन्सन, स्किनर आणि ली यांनी तपासले तर तो आजच्या भारतीय सरड्यांशी इतका जुळत होता, की जुन्या थरात अलीकडचे हाड मिसळले असावे, असे त्यांनी म्हटले. हाही लॉट मिक्सच! रेब्बनाचे तसे नाही. तिथे तुकडे पुष्कळ आहेत आणि ते आजच्या कुठल्या सरड्याची हुबेहूब नक्कल नाहीत. माझ्या हिशेबी हा फरक मोठा आहे. एका नगावर कोणी लॉट पास करत नाही.

२० जून, गुरुवार

ट्रेनीने विचारले, आपल्या चाकणला सापडेल का काही? चाकण-तळेगाव रस्त्यालगत शेडच्या पायासाठी ब्रेकर काळा दगड फोडत होता, तो त्याला दाखवला. हा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भारतागामा त्याच्या कितीतरी आधीचा; लाव्हात हाडे टिकण्याची आशाही जवळपास शून्य. इथे सरडे आहेत ते जिवंत. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांखाली निळा-केशरी गळा फुगवणारा सरडा आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाचे नावच 'सरडा' ठेवले.

पोराला सांगितले आहे: दिवाळीला गावी जाशील तेव्हा नदीच्या दरडीत हाडासारखे काही दिसले, तर उचलून खिशात घालू नकोस. जागेवरच फोटो काढ, थर कोणता ते लिही आणि उद्यानातल्या माणसांना कळव. जागा हरवली की हाड कितीही जुने असो, पुरावा म्हणून बाद.

भारतागामाला माझ्याकडून रिजेक्शन नाही, पासही नाही. कवटी मिळेपर्यंत होल्ड.