ठिसूळ

"ताई, मग माझा बाबापण ठिसूळ होणार का?"

नववीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरून हा प्रश्न आला आणि माझी बोलतीच बंद झाली. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर गप्प बसायची आपल्याला सवय असते, पण तिथे फार तर मार्क जातात. इथे समोरचा मुलगा खरंच घाबरला होता.

पण थांबा, आधीचं सांगते.

यंदा आमचा एन.एस.एस.चा कॅम्प तलासरी तालुक्यातल्या एका गावात होता. मी मेटलर्जीची, म्हणून विज्ञानाचे तास माझ्या गळ्यात. विषय मीच निवडला: अणुभट्टीतल्या धातूंवर किरणोत्साराचा परिणाम. (सेमिनारचा विषय तोच, तयारी आयती!) शिवाय देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, 1969 पासूनचं तारापूर, याच पालघर जिल्ह्यात. डहाणू लोकलमधून जाताना बोईसर स्टेशन लागलं तेव्हा तर मी स्वतःवर भलतीच खूश होते.

अठरा स्लाइड्स तयार होत्या. चौथीला लाईट गेली. बरंच झालं म्हणायचं, कारण तोवर अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी तिथले विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. पोरं जिथे आहेत तिथून सुरुवात करा."

दुसऱ्या दिवशी मी परात आणि गोट्या घेऊन वर्गात गेले. परातीत गोट्या एकमेकींना चिकटून ओळीने लावल्या. हे लोखंडाचे अणू. मग एकाला लांबून गोटी मारायला सांगितली. (काय नेम असतात या पोरांचे!) ओळी विस्कटल्या. न्यूट्रॉन हेच करतो. लोखंडाचा अणू जागेवरून हलवायला साधारण 40 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, आणि विखंडनातून निघालेल्या न्यूट्रॉनकडे असतात सरासरी 20 लाख! एका धडकेत तो त्यातले थोडेच देतो, तरी हललेला अणू पुढच्या शेकडोंना ढकलतो. बहुतेक अणू क्षणात कुठल्या तरी रिकाम्या जागेत परत बसतात. पण काही जागा रिकाम्याच राहतात, काही अणू भलतीकडे अडकतात. वर्षानुवर्षं हे चाललं की धातूचे थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत. धातू कडक होतो, आणि ठिसूळही.

"ठिसूळ म्हणजे काय?" मी विचारलं. मला पुस्तकी व्याख्या अपेक्षित होती. एक मुलगी उठून म्हणाली, "भूकंपात आमच्या सिमेंटच्या भिंतीला तडा गेला. आजीचं कुडाचं घर नुसतं हललं. सिमेंट ठिसूळ, कूड चिवट."

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत धक्क्यांमागून धक्के बसत होते, तेव्हा ही मुलं पहिली-दुसरीत असतील. डक्टाइल आणि ब्रिटलमधला फरक इतका साफ मला चार वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

"मग भट्टीला तडा गेला तर?" लगेच पुढचा प्रश्न.

मी सांगितलं, की तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत इंधन जाड पोलादी पात्रात असतं. अशा पात्राच्या आत त्याच पोलादाचे छोटे तुकडे ठेवतात, भिंतीपेक्षा इंधनाच्या जवळ. भिंतीचं पुढे जे होणार ते त्यांचं आधी होतं. ठरावीक काळाने ते बाहेर काढून चार्पीच्या हातोड्याने तोडून बघतात. तिसऱ्या-चौथ्या भट्टीत पात्राऐवजी झिर्कोनियम-नायोबियमच्या आडव्या नळ्या आहेत, प्रत्येकीत 392. त्या हळूहळू लांबतात, मध्ये झोळ येतो. म्हणून मोजत राहायचं आणि वेळ आली की बदलायचं. राजस्थानात रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीच्या सगळ्या नळ्या 1990 च्या दशकात बदलल्या होत्या.

हे सांगताना मनात चोर होता. चार्पीची टेस्ट आमच्या लॅबमध्येही असते. माझ्या जर्नलमधली रीडिंग्ज मात्र सिनिअरच्या जर्नलमधून उतरवलेली आहेत.

आणि तेवढ्यात तो प्रश्न आला. त्याचे बाबा कंत्राटदाराकडे कामाला, अणुभट्टीच्या आवारात. "छे रे, काही होत नाही," हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण ज्याची मला खात्री नाही ते त्याला कसं सांगू? "उद्या सांगते," म्हटलं आणि रात्री कंदिलाशेजारी बसून सेमिनारची फाइल पुन्हा वाचली. या वेळी समजून घ्यायला!

सकाळी त्याला सांगितलं: धातू ठिसूळ होतो तो भट्टीच्या पोटात, न्यूट्रॉनच्या माऱ्यात वर्षानुवर्षं राहून. भट्टी चालू असताना तिथे माणूस जातच नाही. बंद केली की तो मारा जवळजवळ थांबतो, पण गॅमा किरण सोडणारं साहित्य मागे उरतं. त्याने माणूस ठिसूळ होत नाही, पण शरीरातल्या पेशींना इजा होऊ शकते. म्हणून छातीवर डोस मोजणारा बिल्ला लावायचा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: 5 वर्षांत 100 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. मर्यादेच्या आत म्हणजे धोका शून्य, असं मात्र मी म्हटलं नाही. डोस जितका कमी तितका बरा.

"बाबांना विचार, बिल्ला लावतात का, आणि आकडा किती येतो."

शेवटच्या दिवशी तो स्वतःहून आला. "ताई, बाबा बिल्ला लावतो. आकडा त्यानं कधी विचारला नव्हता. आता विचारणार म्हणाला."

मित्रांनो, पुढच्या कॅम्पला जाल तेव्हा स्लाइड्स घरी ठेवा. परात आणि गोट्या माझ्याकडून घेऊन जा. आणि येत नसेल तर सरळ "उद्या सांगते" म्हणा. फक्त दुसऱ्या दिवशी खरंच सांगा.

परवा सरांची परवानगी काढून लॅबमध्ये चार्पीचा हातोडा स्वतःच्या हाताने सोडला. माझं रीडिंग जर्नलशी जुळलं नाही. जर्नल नव्याने लिहितेय.