समाधान आणि शिल्लक

जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या एम.ए.साठी मी बडोद्याहून कोलकात्याला गेले, तेव्हा बंगाली मला वाचता येत होती, बोलता येत नव्हती. ज्यांच्या घरी राहायचे त्या मासीमांनी पहिल्याच आठवड्यात आग्रहानं जेवू घातलं आणि आवडलं का, असं विचारलं. मराठीतला शब्द उचलून मी म्हणाले, ‘खूब समाधान होलो.’ त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘कीशेर समाधान?’ कशाचं उत्तर सापडलं तुला?

बंगालीत समाधान म्हणजे प्रश्नाची उकल, गणिताचं उत्तर. हिंदीतही तेच. गुजरातीत भांडण मिटवून केलेली तडजोडही त्यात येते. तेलुगूत समाधान म्हणजे उत्तर, तर तमिळ आणि मल्याळममध्ये शांतता. कानडीतला अर्थ आपल्या जवळचा. भरल्या पोटी, हात धुऊन ओटीवर बसल्यावर जे वाटतं त्याला समाधान म्हणणारे आपण मराठी लोक. वर्गात हा किस्सा मी हशा मिळवण्यासाठी सांगायचे. मासीमांचा प्रश्न बरोबर होता हे कळायला पुढे वीस वर्षं लागली.

आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. बडोद्यात आईबरोबर राहते आणि बंगाली, गुजराती व इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. कादंबऱ्यांची भाषांतरं करते, असं लोकांना सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच. नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीला शब्दाला एक रुपया या दरानं नव्वद हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्यानं, आणि कामाला आठ-नऊ महिने लागतात. उरलेलं घर औषधांची माहितीपत्रकं, विम्याचे अर्ज, मोबाइल अ‍ॅपची बटणं यांवर चालतं.

चार वर्षांपूर्वी अशाच कामांत एका एजन्सीमार्फत झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचं काम आलं. महिन्याला ठरलेले चाळीस हजार. सुरुवातीला ‘पुढे जा’, ‘आधार जोडा’ असलेच शब्द होते. मग थकलेल्या हप्त्यांचे संदेश येऊ लागले. सोबत सूचना असे: स्वर ठाम हवा, पण सभ्य. मी चांगली भाषांतरकार आहे. ‘अन्यथा आपल्या परिचितांशी संपर्क साधावा लागेल’ हे वाक्य मी दोनदा घासूनपुसून नीट केलं. ‘लागेल’मुळे धमकीलाही नाइलाजाचा सूर येतो. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते.

आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी नंदुरबारकडच्या. एका सकाळी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता त्यांनी मोबाइल पुढे केला. ‘ताई, एवढं वाचून सांगा ना. जावयानं माझ्या नावावर काहीतरी घेतलंय.’ पडद्यावर मराठी संदेश होता. तो माझाच होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. अशी अ‍ॅप पुष्कळ आहेत आणि अशी वाक्यं लिहिणारेही. पण ‘लागेल’ तिथे होतं. मी वाचून दाखवलं. मावशींनी विचारलं, ‘परिचित म्हणजे कोण? तुम्ही पण का?’

त्याच दिवशी मी ते काम सोडलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी आणखी कितीतरी ठाम आणि सभ्य वाक्यं पाठवली. चाळीस हजार गेले तर आपलं काय होईल, हे मला माहीतच नव्हतं. साधेपणानं राहते असं मी समजत होते, पण त्या साधेपणाला महिन्याला किती लागतात ते मी कधी मोजलं नव्हतं. भीतीला आकडा नसला की ती कितीही मोठी होऊ शकते.

बाबा एका कारखान्यात हिशेबनीस होते. ते घरखर्चाची वही लिहीत आणि तिला गुजरातीतल्या शब्दानं ‘रोजमेळ’ म्हणत. आपल्याकडे रोजकीर्द. मला रोजमेळच आवडतो, कारण त्यात मेळ आहे: रोज संध्याकाळी वही आणि खिसा एकमेकांना विचारून बसवायचे. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटे. दोन रुपयांचं कोथिंबिरीचं काय लिहायचं! त्या तीन महिन्यांत मी कपाटातून त्यांची एक अर्धी कोरी वही काढली आणि पुढच्या पानावर माझा खर्च लिहायला सुरुवात केली.

वर्षाचा हिशेब असा निघाला. घरखर्च, वीज, गॅस, इंटरनेट मिळून ३,००,०००. आईची औषधं आणि तपासण्या ४४,०००. दोघींचा आरोग्यविमा ४६,०००. प्रवास, पुस्तकं, आहेर, दुरुस्त्या ३०,०००. एकूण ४,२०,०००. दुसऱ्या बाजूला पुस्तकाचे ९०,०००, इतर भाषांतराचे सुमारे १,८०,०००, ऑनलाइन बंगाली शिकवण्याचे ८०,००० आणि बाबांनी मागे ठेवलेल्या ठेवींचं व्याज ७२,०००. एकूण ४,२२,०००. कर्जाच्या अ‍ॅपचे चार लाख ऐंशी हजार यात नाहीत. शिल्लक २,०००.

दोन हजारांची शिल्लक बघून कुणाला आनंद होईल? मला झाला. दुसऱ्या दिवशी मी एजन्सीला कळवलं की यापुढे वसुलीचे संदेश करणार नाही. त्यांनी सगळंच काम काढून घेतलं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. या हिशेबात घरभाडं नाही. घर आजोबांच्या वेळचं, जुनं, पावसाळ्यात एका खोलीत गळतं, पण आमचं आहे. ठेवी बाबांच्या आहेत. मला मूल नाही, म्हणजे शाळेची फी नाही. साध्या राहणीचं कौतुक करताना हे सगळं पडद्यामागे ठेवणं बरं नव्हे. भाजीवाल्या मावशी माझ्यापेक्षा कितीतरी साधेपणानं राहतात. त्यांना त्याचं समाधान आहे का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

शिवाय माझा साधेपणा दुसऱ्या कुणाच्या मोठेपणावर उभा आहे. मला पुस्तकं विकत घेणं परवडत नाही, पण सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली सुरू केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आमच्या गावात आहे आणि तिथे मराठीची कपाटं आहेत. कोश चाळायला, एखादा अडलेला शब्द शोधायला मी तिथे जाते. एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी खर्च केला म्हणून माझ्या रोजमेळात तो खर्च दिसत नाही.

काम सोडल्यावर अर्थपूर्ण काम म्हणजे फक्त कादंबरी, हा माझा समजही ढिला झाला. त्या एक लाख ऐंशी हजारांतला मोठा भाग औषधांच्या चाचण्यांतल्या संमतिपत्रांचा आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या माणसाला सगळं त्याच्या भाषेत समजावून सांगावं लागतं, म्हणून ही पत्रकं मराठीत होतात. मग दुसराच कुणीतरी माझं मराठी पुन्हा इंग्रजीत नेतो आणि अर्थ हलला नाही ना, ते ताडून बघितलं जातं. त्यात एक वाक्य हमखास असतं: सहभागी व्यक्ती केव्हाही बाहेर पडू शकते आणि त्यामुळे तिच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही. पूर्वी मी ते ‘कोणत्याही क्षणी सहभाग संपुष्टात आणण्याचा अधिकार’ असं लिहायचे. आता लिहिते, ‘तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. तरीही तुमचे उपचार चालूच राहतील.’ हे वाक्य कुणी समीक्षक वाचणार नाही. पण दवाखान्यातल्या बाकावर कुणीतरी त्यावर बोट ठेवून वाचेल.

ते लिहिताना एकदा थांबले. नाही म्हटलं तरी तुमचं चालूच राहील, एवढंच तर मलाही त्या वहीतून हवं होतं.

मराठीत आपण ‘एवढ्यात माझं भागतं’ म्हणतो. हे क्रियापद मला बंगालीत कधी नीट नेता आलं नाही. त्यात भागाकारही आहे: आहे ते सगळ्यांत वाटून पाहिलं आणि निभावलं. निभावलं की नाही हे भागाकार केल्याशिवाय कळत नाही. मी समाधान आधी शोधत होते आणि हिशेब नंतर करू म्हणत होते. मासीमांनी क्रम बरोबर लावला होता.

गेल्या वर्षी आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. विम्यानं बरंचसं दिलं, सगळं नाही. त्या वर्षी शिल्लक उणे निघाली आणि मी दोन महिने एका साबणाच्या जाहिरातींचं भाषांतर केलं. त्याची मला लाज वाटली नाही. कर्जाच्या अ‍ॅपवर संदेश अजूनही येतात. आता ते कुणी दुसरं लिहीत असेल किंवा यंत्र. माझ्या नकारानं मावशींचा हप्ता कमी झाला नाही. तो त्यांनी भाजी विकून फेडला.

परवा वही संपली. आईनं नव्या डोळ्यांनी ती उलटसुलट पाहिली. मागच्या पानांवर बाबांचं अक्षर, पुढच्या पानांवर माझं. ‘तू कोथिंबीर लिहीत नाहीस,’ ती म्हणाली. नव्या वहीत लिहीन म्हटलं.